गच्चीवर पत्रा नको

८ फेब्रुवारी, रविवार

सोसायटीची मीटिंग झाली. गच्चीवरच, कारण ऑफिसातला पंखा बंद आहे. विषय एकच, गच्चीवर पत्र्याची शेड. बोळिंजला आमच्या गल्लीत आता आमचीच बिल्डिंग उघड्या डोक्याची राहिली. बाकी सगळ्यांनी निळ्या टोप्या घातल्या.

चौथा मजला पावसाळ्यात गळतो. चौथ्या मजल्यावर मी आणि आई राहतो. म्हणजे शेड हवी असं सगळ्यांत मोठ्याने ओरडायला हवं ते आम्ही. सेक्रेटरी सावंतकाका (इथून पुढे सा.का.) यांनी तसंच गृहीत धरलं होतं. पत्रेवाल्याचं कोटेशन वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "चौथ्या मजल्यातर्फे प्रसाद बोलेल."

उभा राहिलो. म्हणालो, "पत्रा नको."

मग मागून दुसऱ्या मजल्याचे म्हात्रे, "अरे, याला पावसात घरबसल्या आंघोळ मिळते. सोडेल कशाला?"

सगळे हसले. आई हसली नाही. विषय पुढच्या रविवारवर ढकलला.

९ फेब्रुवारी

आई बोलत नाही. डब्यात चपाती-भाजी नीट होती, पण लोणच्याची पुडी नव्हती. ते तिचं न बोलणं.

संध्याकाळी भांडी घासता घासता एकदम सुरू झाली. "गेल्या पावसात स्वयंपाकघरात गळतीखाली टोप कोणी लावले? तू तर सातिवलीला गोडाऊनमध्ये, कोरड्यात. फोडणीत वरून पाणी पडतं तेव्हा तेल कसं उडतं ते तुला माहीत आहे? आकाशच बघायचंय ना, मग अर्नाळ्याला समुद्रावर जा. तिथे भरपूर आहे."

बरोबर आहे तिचं. एक शब्द चुकीचा नाही. तिने घासलेली भांडी पुसून फळीवर लावली.

१० फेब्रुवारी

परवा मीटिंगला अडखळलो तसा रविवारी अडखळू नये म्हणून लिहून ठेवतो.

पत्रा स्वस्त पडतो, आठवडाभरात उभा राहतो, पाणी अडवतो. हे मी नाकारत नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये बघण्यासारखं आहे काय? जिन्याला छातीपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट, कारण डाग दिसू नयेत. खिडक्यांना पिंजरे, कारण चोर. पाईप काळे, टाक्या काळ्या. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी आहे. नुसती बघावी अशी एकही नाही. गच्चीवर कठड्याला टेकलं की निर्मळच्या बाजूची वाड्यांची झाडी दिसते, हिरवी, दाट. तेवढंच. बिल्डरने ते विकलं नाही कारण त्याच्या ध्यानातच आलं नसावं.

शेड झाली की काय होतं ते समोरच्या बिल्डिंगमध्ये दिसतं. मोडका सोफा, जुन्या टाक्या, कोणाचा तरी पाळणा, आणि दुपारी आत पाऊल ठेववत नाही इतकी धग. पाऊस पडला की खालच्या मजल्यापर्यंत आवाज.

आम्ही स्वस्तातला फ्लॅट घेतला हे खरं. त्यात कुरूप राहण्याची अट होती असं ॲग्रीमेंटमध्ये कुठे वाचलं नाही. आणि मी ते दोनदा वाचलंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सातिवलीला शुक्रवारची सुट्टी. जिन्यात सा.का. भेटले. त्यांना सांगितलं की जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटा-सिमेंटचा थर, फोडून नवा घालू, उतार नीट करू, आणि वर टाइलच्या तुकड्यांची फरशी. चायना चिप म्हणतात तीच. पूर्वी सगळ्या गच्च्यांना तीच असायची. पाणी अडवते, पांढरी असल्यामुळे ऊन परत फेकते, आणि आकाश राहतं.

सा.का. म्हणाले, "मला माहीत नाही होय? मी दादरच्या चाळीत वाढलो, तिथे तीच होती. सुंदर होती. गळायचीसुद्धा सुंदर."

म्हणालो, "कोबा नीट नसेल."

"प्रसाद, तू डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडलास ना? म्हणजे अर्धा इंजिनियर. अर्ध्या इंजिनियरच्या भरवशावर पूर्ण गच्ची कशी फोडू?" मग जरा थांबून, "आणि खर्च?"

टाइल फुकट आणतो, म्हणालो. गोडाऊनमध्ये माल उतरवताना रोज टाइल्स फुटतात. मागे ढीग आहे. शेठ तो भरावासाठी देऊन टाकतात. मी विचारलं तर नाही म्हणणार नाहीत.

"भंगार," सा.का. म्हणाले आणि वर गेले. पण पायऱ्या चढताना दोनदा थांबले. विचार करत होते, किंवा गुडघा.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुसरी मीटिंग. दोन तास. लिहून ठेवलेलं अर्धंच बोललो, बाकीचं भांडलो.

म्हात्रे: "गच्चीवर नक्षी करून बघणार कोण? कावळे?"

मी: "मी बघतो."

म्हात्रे: "मग तुझ्या घरात कर."

मी: "माझ्या घरात छत गळतंय."

यावर पहिल्यांदाच लोक माझ्या बाजूने हसले. पहिल्या मजल्याच्या फिलोमिना आंटींनी हात वर केला. म्हणाल्या, "मी मिरच्या कुठे वाळवू? पत्र्याखाली? त्या वाळतील की उकडतील?" बायकांमध्ये कुजबूज झाली. मिरच्या, सांडगे, गाद्या. माझ्या आकाशापेक्षा मिरच्यांनी जास्त मतं आणली. चालेल.

शेवटी सा.का.नी अट घातली ती अशी. मे संपायच्या आत काम पुरं करायचं. गच्चीवर पाणी साठवून दाखवायचं. चौथ्या मजल्यावर ओल आली तर दुसऱ्या दिवशी पत्रेवाल्याला फोन, "आणि मग तू पुन्हा तोंड उघडायचं नाहीस. कबूल?"

कबूल म्हणालो. आईकडे बघितलं नाही.

जिना उतरताना ती एवढंच म्हणाली, "छत आपलं. कबूल तू झालास."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गजा मेस्त्री येऊन गच्ची बघून गेले. आगाशीकडच्या गावचे. हातोडीने ठोकत सगळी गच्ची फिरले, कान तिरका करून. कुठे भरीव आवाज, कुठे पोकळ. आमच्या स्वयंपाकघराच्या वर सगळ्यांत पोकळ.

"पानी कुठं जायाचं तेच त्याला कुनी सांगितलं न्हाय, भाऊ. मग ते तुमच्याकडं येतं."

त्यांना काम दिलं. पत्र्यापेक्षा थोडं जास्तच पडतंय, टाइल फुकट धरूनही. सा.का.नी कागदावर सही करताना पेन दोनदा झटकलं. शाई होती त्यात.

६ मार्च, शुक्रवार

कोबा फोडणं सुरू. बिल्डिंग हादरते. तिसऱ्या मजल्याच्या बाळाला झोप नाही. जिन्यात धूळ. मी दिसलो की दारं बंद होतात, किंवा मुद्दाम उघडतात. म्हात्रे रोज विचारतात, "काय मग, ताजमहाल कुठवर आला?"

ठरवलंय, उत्तर द्यायचं. रोज द्यायचं. आज म्हणालो, "पाया चालू आहे, काका."

१३ मार्च, शुक्रवार

शेठनी टेम्पोसुद्धा दिला. "ले जा, ले जा, मेरा कचरा कम." तुकड्यांच्या गोण्या खाली गेटपाशी उतरवल्या. आनंद तासभर टिकला.

मेस्त्रींनी एक गोणी ओतली आणि मान हलवली. निम्मा माल चालणार नाही. चकचकीत, काचेसारख्या टाइल्स असतात त्या सिमेंटला धरत नाहीत. पाणीच पीत नाहीत, मग सिमेंट काय पिणार? साध्या सिरॅमिकचे तुकडे हवेत. म्हणजे सगळा ढीग निवडायचा. मी एकट्याने निवडला असता तर मे उलटला असता.

फिलोमिना आंटी खाली आल्या. वाटीत पाणी आणलं, बोट बुडवलं, तुकडा उलटा करून पाठीवर थेंब ठेवला. थेंब गुडूप झाला तर एका बाजूला, तसाच बसून राहिला तर दुसऱ्या. थोड्या वेळात आणखी तीन-चार जणी वाट्या घेऊन बसल्या. तांदूळ निवडावेत तशा निवडत होत्या आणि बोलणं भलत्याच विषयावर. कोणाची सून, कोणाचा गॅस.

संध्याकाळी आई आली. हात मागे बांधून उभी राहिली. मग म्हणाली, "फिलोमिना, ही कशी गं चुकीच्या ढिगात?" आणि बसली. ती फक्त चुका काढायला बसली आहे, असं तिने मला घरी येताना सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

१५ मार्च, रविवार

नक्षीवरून भांडण. सा.का. म्हणतात सगळी पांढरी. "रंगीत केलीस तर गॅदरिंगचं स्टेज दिसेल."

मी म्हणालो पांढरीच करू. पण ढिगात निळेही बरेच आहेत, फिके, गडद, मधले. ते पाण्याच्या वाटेवर लावू. जिथून उतार सुरू होतो तिथे तुरळक फिके, पाईपाच्या तोंडाकडे जाताना दाट आणि गडद. म्हणजे पाणी कुठून कुठे जायला हवं ते कोरड्या दिवशीही दिसेल. पाईप तुंबला तर पाणी निळं सोडून पांढऱ्यावर चढेल. वॉचमनलासुद्धा कळेल.

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. भांडता भांडता सुचलं. पण तोंडातून आलं तेव्हा कळलं की मला हेच हवं होतं.

सा.का.नी चष्मा काढून पुसला. मग, "याला जास्तीचा खर्च?"

"नाही."

"मग कर. पण मला विचारून केलं असं सांगू नकोस कोणाला."

१९ मार्च

पाडवा. काम बंद. शेडवाल्या बिल्डिंगांच्या गच्च्या बघत बसलो. आमच्या बाजूला नवीन टॉवर उभे राहिलेत, तिथून खाली बघणाऱ्याला आम्ही म्हणजे निळ्या पत्र्यांची रांग. टॉवरवाल्यांकडे गार्डन, लॉबी, लॉबीत कारंजं. त्यांनी सुंदर विकत घेतलं. आम्हाला मात्र कोणी म्हणत नाही की तुम्हीही थोडं करा. आम्हाला सगळे म्हणतात, गळत नाही ना, बस झालं.

बस नाही झालं.

२७ मार्च, शुक्रवार

फरशी लागतेय. मेस्त्री आणि त्यांचा जोडीदार उकिडवे बसून तुकडा तुकडा दाबतात. मी सुट्टीला निळ्याचा पट्टा लावतो. गुडघे गेले.

आज मेस्त्रींशी वाजलं. नको म्हणून बाजूला काढलेल्या ढिगात बाटलीच्या काचेसारखे हिरवे तुकडे होते. चकचकीतच, पण रंग असा की टाकून देववेना. आमच्या स्वयंपाकघराच्या वरचा कोपरा मी त्यांच्यासाठी ठेवला. निर्मळच्या झाडीच्या बाजूचा कोपरा.

"हे धरनार न्हाय, भाऊ."

मी तुकड्यांच्या पाठी कटरने खरवडून आणल्या होत्या. दाखवल्या. त्यांनी हात जोडले. "तुमचा कोपरा, तुमचं घर. लावतो."

लावला. संध्याकाळच्या उन्हात तो कोपरा बघायला आंटी वर आल्या, आई वर आली. आई म्हणाली, "देवळात असते तशी." तिने एवढं चांगलं याआधी काही म्हटल्याचं आठवत नाही.

१० एप्रिल, शुक्रवार

हिरवा कोपरा सुटला.

सकाळी वर गेलो, पाय ठेवला आणि आवाज आला. टकटक. वाकून एक तुकडा उचलला तर पापडासारखा आला. मग दुसरा. मेस्त्री लांब उभे राहून थापी धूत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

सा.का. वर आले. एक हिरवा तुकडा उचलला, उलटसुलट केला, खिशात घातला आणि खाली गेले. दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगला माहीत.

म्हात्रेंनी जिन्यात गाठलं. "ताजमहालाचा एक मिनार पडला म्हणे."

आज उत्तर दिलं नाही.

११ एप्रिल

मेस्त्री म्हणतात तो कोपरा कोब्यापर्यंत उकरून पुन्हा करावा लागेल. होईल. पण जुन्या-नव्याचा सांधा राहतो. आणि पाणी सांधा शोधतं. तो सांधा नेमका आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर. दुसरीकडे कुठेही चालला असता.

आईला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, "हिरव्यासाठी केलंस ना? मला तरी खरं सांग."

"हो."

"मग आता रडू नको."

मला भीती वाटते हे इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. चूक माझी आहे. पण माझे हिरवे तुकडे निघाले म्हणून त्यांचा निळा पत्रा देखणा होत नाही. उद्या जिन्यात कोणी काही म्हणालं तर हेच म्हणणार.

१२ एप्रिल, रविवार

म्हणालो. म्हात्रे म्हणाले, "देखणा कोण म्हणतंय? छत्री देखणी असते का?"

दिवसभर उत्तर शोधलं. संध्याकाळी आईची छत्री दारामागे दिसली. फुलाफुलांची आहे. खाली जाऊन दार वाजवून सांगितलं. म्हात्रेकाकू हसून हसून दारातच बसल्या. म्हात्रे म्हणाले, "तू झोपत जा रे जरा."

२४ एप्रिल, शुक्रवार

गच्ची पुरी. कोपराही पुन्हा लागला, यावेळी पांढरा. हिरवा एकही नाही. तिकडे बघितलं की अजून दुखतं.

बाकीची? मी स्वतःची म्हणून सांगत नाही. टाकीवर चढून बघितली. पांढऱ्यात निळं असं सरकत जातं की कोरडी गच्ची वाहतेय असं वाटतं. नवीन टॉवरमधून एक बाई मोबाईल धरून फोटो काढत होती. मी उगाच कठड्याशी ताठ उभा राहिलो.

आई भर दुपारी अनवाणी वर जाऊन आली. "पाय भाजत नाहीत," म्हणाली. मग, "पण गळेल."

आंटींनी मिरच्या घातल्या. लाल, पांढऱ्यावर. सा.का. वर आले, बघत राहिले. चपला बाहेर काढल्या होत्या. त्यांना विचारणार होतो कशी वाटते. तेवढ्यात म्हणाले, "पाणी कधी भरतोस?"

८ मे, शुक्रवार

पाणीच नाही.

नळाला एक दिवसाआड, तेही बोटाएवढी धार. टँकर आला की जिन्यात रांग. मी सा.का.कडे गेलो, म्हणालो टेस्टसाठी एक टँकर मागवू.

"लोकांना प्यायला नाही, आणि गच्चीला पाजू? तुझ्या आईला विचार, ती देईल का हंडाभर?"

"मग टेस्ट कशी होणार?"

"नाही होणार."

"म्हणजे पत्रा?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मी असं म्हटलं नाही. पण टेस्टशिवाय पावसावर सोडून देऊ आणि गळली तर? पावसात शेड उभी राहत नाही, प्रसाद. तुझ्या आईला अजून एक पावसाळा टोप लावायला लावू का मी?"

चिडता आलं नाही. त्यांचं वाईट हेच, की ते वाईट नाहीत.

१० मे, रविवार

फिलोमिना आंटी कपडे धूत होत्या. दार उघडं. मी जिन्यात बसलो होतो. त्यांनी बादली मोरीत ओतायला उचलली आणि थांबल्या. "पोरा, गच्चीला प्यायचं पाणी कशाला पाहिजे? तिला काय तहान लागलीय?"

धुण्याचं पाणी! मी त्यांची बादली तशीच उचलून वर नेली. पाईपांच्या तोंडांत गोणपाट आणि प्लॅस्टिक कोंबलं. पहिली बादली ओतली तेव्हा पाणी निळ्यानिळ्यावरून सरळ पाईपाकडे गेलं. ठरवलं होतं तसंच. तिथेच बसकण मारली.

मग दारोदार. कपड्यांचं, फरशी पुसलेलं, तांदूळ धुतलेलं, काहीही. काहींनी दार लावून घेतलं. पण बरेच जण दिले. "दिले" नव्हे, "देऊ लागले". घाईत लिहितोय.

म्हात्रेंनी दोन बादल्या भरून दारात ठेवल्या होत्या. "मला शेडच पाहिजे. मुलीचा साखरपुडा वरती करायचाय, हॉलला कोण पैसे देणार? पण पाणी घे. नंतर म्हणशील आमच्या पाण्याविना हरलो."

म्हणालो, "साखरपुडा चांदण्यात करा."

"आणि पाऊस आला तर?"

"मे महिन्यात?"

"तारीख जूनची आहे, गाढवा."

१२ मे

चार मजले, लिफ्ट नाही. खांदे उचलत नाहीत. गोडाऊनमध्ये बिलं लिहिताना अक्षर वाकडं येतं, शेठ विचारतात दारू प्यायलास का.

गच्ची भरली. दोन बोटं पाणी. सगळीकडे साबणाचा वास, कडेला फेस. फेसाखाली निळं दिसतं. मेस्त्री मुद्दाम बघायला आले. "साबनाचं पानी साध्याहून आत शिरतं, भाऊ. ह्यात पास तर पास." म्हणजे नकळत कठीण परीक्षा घेतली. घेतली तर घेतली.

स्वयंपाकघराच्या छतावर गेल्या वर्षीचे ओलीचे डाग आहेत. त्यांच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवली, पुढे सरकले तर कळावं. आई म्हणते, "छतावरसुद्धा लिहितोस?"

१४ मे

रेघेच्या आत सगळं. सकाळी, संध्याकाळी, दोन्ही वेळा. हात लावला तर छत गार लागतं. गार म्हणजे ओलं का? वर पाणी आहे, गार लागणारच. पुन्हा लावला. कळत नाही. आईने स्टूल लपवून ठेवलं.

उद्या सा.का. येणार. शिवाय पत्रेवाल्याचा फोन येऊन गेला असंही त्यांनी सांगितलं. जूनची गर्दी आहे, लवकर कळवा म्हणे.

१५ मे, शुक्रवार

सा.का. अकराला आले. सोबत म्हात्रे, साक्षीदार म्हणून. मी सकाळी सातला छत बघितलं होतं तेव्हा कोरडं होतं. हे मी शपथेवर सांगू शकतो.

आई स्वयंपाक करत होती. सा.का.नी स्टूल मागितलं, आईने आणून दिलं. त्यांनी चष्मा वर केला आणि सांध्याच्या बरोबर खाली तळवा टेकवला. हात खाली घेतला. बघितला. आम्हाला दाखवला.

ओला होता.

मी छताकडे बघितलं, बारीक बारीक थेंब, रेघेच्या आतही आणि बाहेरही.

आई म्हणाली, "भावोजी, खाली बघा की."

स्टुलाच्या बाजूलाच गॅस. गॅसवर मोठं पातेलं, झाकण नाही, भात रटरटत होता. वाफ सरळ वर जात होती. वर दोन बोटं गार पाणी, खाली वाफ.

"छत गार आहे. वाफ बसली," आई म्हणाली. "माझं घर आहे, मला माहीत आहे ओल कशी दिसते. ओल अशी नसते."

सा.का. म्हणाले, "वहिनी, तुम्हालाच तर पत्रा हवा होता."

"हवा होता. अजून गळली तर हवाच आहे. पण वाफेसाठी नको."

एवढं पातेलं आम्हा दोघांच्या भाताला लागत नाही. झाकण ती कधीच काढून ठेवत नाही, गॅस वाचतो म्हणून. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. सातनंतर तिला छतावर काही दिसलं होतं का, आज असं का, ते मी विचारलं नाही. विचारणारही नाही. आणि वरून आलेलं पाणी आणि खालून गेलेली वाफ थेंबाला बघून ओळखता येत नाही, हे मलाही मान्य करावं लागेल.

मी म्हणालो, "गॅस बंद करू. छत फडक्याने पुसून कोरडं करू. वरचं पाणी तसंच ठेवू. पुन्हा थेंब आला तर मी स्वतः पत्रेवाल्याला फोन लावतो. नाही आला तर त्याला तुम्ही लावा, नको म्हणून."

सा.का. स्टुलावरून उतरले. म्हणाले, "बसतो मग." म्हात्रेही बसले. आईने गॅस बंद केला. मी छत पुसलं, खिडकी सताड उघडली, पंखा आणून लावला. चौघेही मान वर करून.

आई सवयीने म्हणाली, "चहा टाकू?"

तिघेही एकदम म्हणालो, "नको."